बगलेच्या रुळावरचे इंजिन

आगगाडीचा इतिहास आपण शिकलो तो बव्हंशी समारंभांचा इतिहास होय. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने. एवढे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु त्याच्या आदल्या वर्षी, 1852 मध्ये, भायखळ्याकडे एक लहानसे इंजिन लोहमार्ग बांधणाऱ्या कंत्राटदारांचे सामान इकडून तिकडे हलवीत होते. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड यांचे नाव त्याला दिलेले होते. म्हणजे आपल्या प्रांतात रुळांवर प्रथम फिरले ते इंजिन प्रवासी गाडीचे नव्हे, शंटिंगचे. तोफांची सलामी मात्र मागाहून आलेल्या तिघांना मिळाली.

हाच न्याय पुढेही चालू राहिला. जालन्याचे उदाहरण घ्या. कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर नवा. दोन्ही मिळून कापूस व धान्य यांची मोठी बाजारपेठ. मनमाड ते सिकंदराबाद हा 391 मैलांचा मीटरगेज मार्ग 1899 ते 1901 या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि ही पेठ रुळांशी जोडली गेली. पण पेठेत सौदा ठरला म्हणून कापसाच्या गासड्यांनी भरलेली वाघीण आपण होऊन मनमाडला जात नसते. ती मालधक्क्यावरून ओढायची, वाटेत उभी असलेली रिकामी वाघीण बाजूच्या रुळावर टाकायची, सांधेवाल्याने सांधा बदलायचा, बावटा हलायचा, आणि मग ती गाडीत नेमक्या जागी जोडायची. ज्या स्थानकावर ती प्रथम सुटणार तेथे ती हाताशी आली पाहिजे. या खटाटोपाला शंटिंग म्हणतात. वेळापत्रकात त्याचा उल्लेख नसतो, आणि तो नसेल तर वेळापत्रकातील एकही मालगाडी सुटत नाही.

ज्यांना लहान रुळांवर लहान गाड्या चालविण्याचा छंद आहे, त्यांच्यातील काही जण नेमकी हीच इंजिने जमवितात. या छंदाचा पाया 1891 मध्ये घातला गेला असे म्हणता येईल. त्या वर्षी जर्मनीतील मार्कलिन कारखान्याने लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाचे रूळ व त्यांवर धावणारी गाडी मांडली. मापे ठरल्यामुळे खेळणे दरसाल वाढविता येऊ लागले. मेजावर मावणाऱ्या विजेच्या गाड्या 1935 च्या सुमारास आल्या. मेजावरचे वळण आखूड. त्यावरून लांबलचक इंजिन जाताना अवघडते, आखूड इंजिन सहज वळते. त्यामुळे कित्येकांच्या संग्रहातील पहिले इंजिन शंटिंगचेच असते.

ते चालविणे मात्र सोपे नव्हे. वीज रुळांतून चाकांवाटे मोटारीत जाते. चारच चाकांच्या इंजिनाला रुळावर धुळीचा कण आडवा आला की ते जागीच थबकते. सांध्यातल्या वीज नसलेल्या बोटभर तुकड्यावरही तेच होते. बारा चाकांचे इंजिन त्याच जागेवरून दिमाखात निघून जाते. म्हणून हा छांदिष्ट रूळ पुशीत बसतो, मोटारीला जडचक्र बसवितो, आणि इंजिन किती जोरात धावते यापेक्षा मुंगीच्या पावलाने किती सरळ चालते याचा अभिमान बाळगतो.

ॲलन राइट या इंग्रज हौशी गृहस्थाने यातून एक सुंदर कोडे रचले. तीन बगलरूळ, एकावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. वाघिणी एकूण आठ. त्यांतील पाच वाघिणींची चिठ्ठ्या टाकून निघालेल्या क्रमानेच गाडी जुळवायची. असे क्रम 6720 होतात! फळीएवढ्या जागेत हा खेळ मांडता येतो, आणि तासाभरात माणसाला कळते की मालधक्क्यावरचा तो घामेजलेला कामगार डोक्याने केवढे काम करीत होता.

महाराष्ट्रात या छंदाला परके मानण्याचे कारण नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी 1998 मध्ये लघुरेल्वेचे संग्रहालय उघडले. अडचण आहे ती मापाची. बाजारातले 16.5 मिलिमीटरचे रूळ विलायती गेजला धरून आहेत. सत्त्याऐंशीपट लहान करू गेल्यास आपले ब्रॉडगेज 19.3 मिलिमीटर भरते आणि जालन्याचे जुने मीटरगेज अवघे 11.5. तेव्हा जालन्याचे इंजिन हवे असेल तर बरेचसे हातानेच घडवावे लागेल.

ते घडवावे, असे मला आग्रहाने म्हणावयाचे आहे. पुढे या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. त्याच्या आगेमागे एकेका वाघिणीने माल पाठविण्याची पद्धतही मोडत गेली; आता एकाच मालाची सबंध गाडी भरून जाते. म्हणजे इंजिने गेली तशी त्यांची कामेही गेली. संग्रहालयात एखादे जुने इंजिन रंग देऊन उभे करता येते. परंतु उभ्या इंजिनावरून शंटिंग कळत नाही. ते चालवूनच कळते. जुने लोखंड वितळवून नव्या सळ्या करण्यात जालना आज प्रसिद्ध आहे. लोखंड असे पुन्हा उपयोगी पडते. मालधक्क्यावरच्या हालचाली मात्र, त्या पाहिलेली माणसे आहेत तोवरच टिपून ठेवता येतील.

दिवाळीत महाराष्ट्रातील मुले अंगणात मातीचे किल्ले करतात. बुरूज कोठे, दरवाजा कोठे, पाण्याचे टाके कोठे, हे त्यांना पुस्तकापेक्षा त्या चिखलातूनच अधिक पक्के समजते. नव्या जालन्यातील एखाद्या घरी यंदा किल्ल्याशेजारी एक फळी मांडावी. तीन बगलरूळ, आठ वाघिणी, एक लहान इंजिन. आणि आजोबांना जवळ बसवून विचारावे, मालधक्का कोणत्या बाजूला होता?