ई-मेलवरचे तिकीट

नव्वदच्या दशकात अमेरिकेत आलेल्यांना एओएलचा तो आवाज नक्की आठवत असेल. टेलिफोनची खरखर संपली की टपाल आल्याची वर्दी द्यायचा. त्याच एओएलने २००६ साली ई-मेलला तिकीट लावायचा घाट घातला होता, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात नाही. मी तेव्हा इथे एम.एस. करत होतो आणि हा वाद अगदी चवीने वाचत असे.

मूळ दुखणे स्पॅमचे. १९९४ मध्ये अॅरिझोनाच्या दोन वकिलांनी युजनेटच्या हजारो चर्चागटांत एकच जाहिरात टाकली. कशाची? तर आपल्या जिव्हाळ्याच्या ग्रीन कार्ड लॉटरीची! पाठवायला खर्चच नाही, म्हटल्यावर लाखात एक गिऱ्हाईक मिळाले तरी फायदाच. मग पाठवणाऱ्याला थोडी झळ लावावी, हा विचार जोर धरू लागला. मायक्रोसॉफ्टने तर आपल्या संशोधन प्रकल्पाला १८४० च्या पहिल्या टपाल तिकिटाचे, 'पेनी ब्लॅक'चे, नाव दिले. जानेवारी २००४ मध्ये दावोसला बिल गेट्स म्हणाले, दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. असो!

मला ती तिकिटाची उपमा उलटीच वाटते. रोलंड हिलच्या सुधारणेपूर्वी ब्रिटनमध्ये अंतर पाहून हशील घेत आणि ते बहुधा पत्र घेणाराच भरायचा. हिलने ते एक पेनीवर आणले आणि सामान्य माणसालाही पत्र परवडू लागले. आपल्याकडे १८५४ मध्ये अर्ध्या आण्याच्या तिकिटाने तेच केले. तिकीट आले ते टपाल स्वस्त करायला.

एओएलची योजना होती 'गुडमेल' या कंपनीबरोबर, आणि याहूही त्यात सामील होते. पाठवणाऱ्याने दर ई-मेलमागे पाव ते एक सेंट भरायचा. मग ती स्पॅमची चाळणी चुकवून, निळ्या फितीची खूण मिरवत थेट इनबॉक्समध्ये! पैशांत गुडमेलचा वाटा आणि एओएलचाही.

समजा, ५०० कुटुंबांच्या मंडळाने वर्षाला ४० ई-मेल पाठवल्या, तर झाल्या २०,०००. म्हणजे ५० ते २०० डॉलर. संक्रांतीच्या वाणाचा खर्च म्हणा ना! पण खरी अडचण पैशांची नव्हतीच. पैसेवाल्यांची रांग वेगळी झाली की फुकटची रांग नीट चालवायची निकड कुणाला राहणार? फेब्रुवारी २००६ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन, मूव्हऑन वगैरेंनी 'डिअर एओएल' मोहीम काढली, ती याच मुद्द्यावर. कॅन्सरच्या रुग्णांसाठी ई-मेल याद्या चालवणारी एक संस्थाही त्यात होती. औषधाबद्दल विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जंक फोल्डरमध्ये पडून राहिले तर?

मार्चमध्ये एओएलने ना-नफा संस्थांसाठी विनामूल्य सोय जाहीर केली. पण नोंदणीच नसलेल्या पाच-सहा घरांच्या भजनी मंडळाने आपण ना-नफा आहोत हे दाखवायचे कसे? एप्रिलमध्ये तर कहरच झाला. मोहिमेच्या संकेतस्थळाचा पत्ता असलेल्या ई-मेल एओएलच्या ग्राहकांपर्यंत पोचेनात! तांत्रिक बिघाड, असे एओएलने सांगितले आणि तो दुरुस्तही केला.

योजना सुरू झाली, काही वर्षे चालली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये गुडमेलने गाशा गुंडाळला.

तिकीट गेले, पण चौकी राहिली. एप्रिल २०१४ मध्ये याहूने, पाठोपाठ एओएलने पत्ते तपासण्याचे नियम कडक केले, तेव्हा याहूच्या पत्त्यावरून ई-मेल यादीवर टाकलेली साधी पत्रेही परत येऊ लागली. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशी ओळखपत्रे हवी असतात. तिन्हींची सक्ती एकगठ्ठा पाठवणाऱ्यांना; छोट्यांनाही पहिल्या दोनपैकी एक लागतेच. पैसा पडत नाही, पण डोमेनच्या नोंदी कशा भरायच्या हे कळणारा माणूस लागतो. आमच्या मंडळात ते काम माझ्याकडे आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या गटाकडे असा कुणी नाही. ते सहलीचा निरोप फोनवरूनच देतात, एकेकाला.