खरे झाड, खोटे झाड

वरणगावच्या शिवारात केळी आहे, कापूस आहे, कडुनिंब आहे. देवदार मात्र नाही. १९६४ साली आयुध निर्माणी उभी राहिली, वसाहत झाली. तेथील ख्रिस्ती घराला नाताळात सुरूची फांदी किंवा प्लास्टिकचे झाड, यांतूनच निवड करावी लागते. फांदी खरी, प्लास्टिक खोटे, असे आपण सहज म्हणतो. पण सुरूही महाराष्ट्रात बाहेरूनच आलेला! आणि नकली झाड काही आजचे नव्हे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत हंसांची पिसे हिरवी रंगवून तारेवर गुंडाळीत व त्यांचे झाड करीत.

स्ट्रासबर्गच्या १६०५ च्या एका वर्णनात कागदी गुलाब व सफरचंदे टांगलेले झाड आढळते. पुढे ही प्रथा वाढली ती मुख्यतः ल्युथरपंथीयांच्या घरांत. कॅथलिकांचा गोठा त्याहून जुना. संत फ्रान्सिसने ग्रेच्चो येथे तो मांडला १२२३ साली. संत पेत्राच्या चौकात तर झाड प्रथम उभे राहिले १९८२ साली, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात.

तेव्हा आपल्याकडे गोठा वडील, झाड धाकटे. दरसाल माळ्यावरून उतरणारे प्लास्टिकचे झाड मला चालते. खानदेशच्या उन्हात कष्टाने वाढलेला सुरू आठवड्याभराच्या शोभेसाठी छाटणे पटत नाही. गोठ्याला तापीकाठची माती आणि ज्वारीचा कडबा हाताशी असतोच.