चांद्यातला एक दिवस, सूरजागडच्या आधी

थंडीत एकट्याने जुनं शहर बघायचं म्हणजे प्राग नाहीतर व्हिएन्ना, असा आमच्या ऑफिसातला समज. ऑनसाइटवरून परतणाऱ्या प्रत्येकाकडे तसले फोटो असतात. मी गेलो चंद्रपूरला :) खरं तर जायचं होतं सूरजागडला, गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात. पण तिथे नेणारा मित्र दुसऱ्या दिवशी मोकळा होणार होता. त्यामुळे डिसेंबरातला एक अख्खा दिवस फुकटात मिळाला.

चंद्रपूर म्हटलं की आपल्याला फक्त उन्हाळ्यातलं तापमान आठवतं. सकाळी सातला मात्र मी जटपुरा गेटजवळ चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून उभा होतो. हे गेट गोंड राजांच्या परकोटाचं. दंतकथा अशी की इथे एका सशाने खांडक्या बल्लाळशाह राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला (हो, सशाने कुत्र्याचा!) आणि त्याच वाटेवर पुढे तट उभा राहिला. कथा राहू द्या, भिंत खरी आहे. चार दरवाजे, पाच खिडक्या, घेर जवळजवळ ११ किलोमीटर. वर झाडझाडोरा माजला होता, तो २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या पोरांनी हाताने साफ केला.

अचलेश्वर गेटजवळ राजा बीरशाहची समाधी आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा खून झाला, तेव्हा राणी हिराईने ती बांधली आणि दत्तक मुलाच्या नावाने राज्यही चालवलं. नवऱ्यासाठी बायकोने बांधलेली वास्तू आपल्या शाळेच्या पुस्तकात का नव्हती, कोण जाणे. असो.

दुपारी तुरुंगाच्या भिंतीपाशी थांबलो. आतल्या पिंपळाला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाकेंना फाशी दिलं. मोलमपल्लीचा हा पंचविशीतला गोंड जमीनदार इंग्रजांविरुद्ध उठला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्राणहितेच्या काठी चिंचगुडीला तारखात्याचे गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या दोघांचंच वाईट वाटलं होतं. एका अर्थाने आमच्याच धंद्यातले, साइटवर गेलेले! मग डोक्यात आलं, त्या तारेवरून जंगलातल्या माणसाचा निरोप कधी जाणार होता का? तारेचं एक टोक जंगलात, पण हुकूम येणार दुसऱ्या टोकाकडून. बाबुरावांनाही पकडून शेवटी चांद्यालाच आणलं.

लोखंडाचंही तेच. जमशेटजी टाटांची पोलादाची पहिली शोधाशोध याच चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्यापासून झाली, हे कितीजणांना माहीत असतं? इथलं खनिज आणि कोळसा त्या बेताला पुरेना. मग दोराबजींना नागपूरच्या संग्रहालयात दुर्ग जिल्ह्याचा भूगर्भीय नकाशा दिसला, शोध पुढे मयूरभंजपर्यंत गेला आणि जमशेदपूर झालं. चांदा मागे राहिला. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, सूरजागड त्यात गेलं, आणि आता लोखंडासाठीच तो डोंगर फोडला जातोय. त्याच डोंगरावर माडिया लोकांचा ठाकुरदेव आहे. जानेवारीत त्याची यात्रा भरते. खाणीला ग्रामसभांचा विरोध झाला, नक्षलवाद्यांनी २०१६ च्या डिसेंबरात खनिजाचे कित्येक ट्रक जाळले. आणि पगार मिळतो म्हणून खाणीवर जाणारी पोरंही तिथलीच आहेत. त्यांना पुण्यात एसीत बसून मी काय सांगणार?

संध्याकाळी पठाणपुऱ्याकडे तटावर बसलो. पोरं पतंग उडवत होती. ही भिंत वाचली, कारण तिच्या दगडाखाली कुणाला काही सापडलं नाही, असा एक वाकडा विचार मनात येऊन गेला.

रात्री मित्राचा फोन. "सकाळी सहाला निघू. स्वेटर घाल, पण पांढरा नको. आणि तोंडाला बांधायला रुमाल घे, रस्त्यावर लाल धूळ असते."