जुना प्रोब, नवा स्कोप

उपकरणांचा इतिहास बहुधा त्यांच्या दर्शनी भागाचाच इतिहास असतो. ऑसिलोस्कोपची कथा सांगताना १८९७ साली फर्डिनांड ब्राउन यांनी स्ट्रासबुर्ग येथे घडवलेली कॅथोड किरण नळी येते. युद्धकाळात रडारवर काम केलेले हॉवर्ड व्होलम आणि त्यांचे सहकारी जॅक मर्डॉक यांनी १९४६ साली ऑरेगनमध्ये स्थापन केलेली टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी येते, आणि १९४७ मधला तिचा ५११ हा स्कोपही येतो. पण मंडलातला संकेत ज्या वाटेने पडद्यापर्यंत पोहोचतो, त्या प्रोबला या कथेत तळटीपेइतकीच जागा मिळते. स्कोप बदलतात, प्रोब मागे उरतात. आणि मागे उरलेले प्रोब नव्या स्कोपला जोडण्याची खटपट कार्यशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालू असते. या खटपटीत मला एक जुना वाङ्मयीन प्रश्न दिसतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडी यंत्ररचना. स्कोपच्या प्रवेशद्वाराशी सामान्यतः दहा लाख ओहमचा रोध आणि काही पिकोफॅरड धारिता असते. साधी तार जोडली तर तारेची आणि स्कोपची धारिता मंडलावर लादली जाते, आणि जे पाहायचे तेच बदलून जाते. यावर उपाय म्हणून प्रोबच्या टोकाशी नव्वद लाख ओहमचा रोध बसवतात. संकेत दहापट क्षीण होतो, पण मंडलावरचा भार हलका होतो. जलद आणि संथ संकेतांना एकच न्याय मिळावा म्हणून टोकाच्या रोधाला समांतर एक लहान धारित्र असते. त्याचे मूल्य स्कोप आणि तार यांच्या एकत्रित धारितेच्या एक नवमांश असावे लागते. स्कोपमधून मिळणारी चौकोनी लहर पडद्यावर काटकोनात उभी राहीपर्यंत एक बारीक स्क्रू फिरवायचा, एवढाच हा विधी.

गोम याच स्क्रूत आहे. व्हॅक्यूम ट्यूबच्या काळातल्या कित्येक स्कोपांची धारिता २० पिकोफॅरड होती, काहींची ४७. अलीकडच्या अनेक स्कोपांची १३ च्या आसपास असते. जुन्या प्रोबचा स्क्रू टोकापर्यंत फिरवूनही कधी कधी लहरीच्या कोपऱ्यावरचे शिंग जात नाही. मग जाणकार मंडळी प्रोबला हात न लावता स्कोपच्या बाजूला सातेक पिकोफॅरडचे धारित्र समांतर जोडतात, आणि नव्या स्कोपला जुन्याचे सोंग घ्यायला लावतात. त्याहून जुन्या प्रोबांची तर जोडणीच निराळी असते. त्यांची जाड, आट्यांची यूएचएफ जोडणी बीएनसीत बसत नाही. (या नावातली दोन अक्षरे बेल लॅबोरेटरीजचे पॉल नील आणि अँफेनॉलचे कार्ल कॉन्सेलमन यांची.) इथे मात्र काम एका अडॅप्टरवर भागते.

तार तुटली की अनेकांचा हात चुकतो. नवी म्हणून ते बाजारातली तांब्याची समाक्ष तार जोडतात. जॉन कोबी आणि विल्यम पॉलिट्स या टेक्ट्रॉनिक्सच्या अभियंत्यांना १९५९ साली ज्या प्रोबचे पेटंट मिळाले, त्याचे मर्म तारेतच होते. चांगल्या वाहक तारेत जलद संकेत दोन्ही टोकांवर आपटून परततात आणि पडद्यावर खोट्या लहरी उठवतात. म्हणून त्यांनी मधली तार मुद्दाम रोधक घेतली. परतणारा संकेत वाटेतच विरून जातो. वरवर दोष वाटणारी गोष्ट हेच तिथे कौशल्य आहे. ती ‘सुधारणारा’ माणूस अपभ्रष्ट वाटलेला शब्द शुद्ध करून टाकणाऱ्या उत्साही संपादकाचा सख्खा भाऊ होय.

१९६९ साली टेक्ट्रॉनिक्सची ७००० मालिका आली आणि पडद्यावर रेषेबरोबर अक्षरेही उमटू लागली. ही अक्षरयोजना बॅरी गिल्बर्ट यांची. प्रोब दहापटीचा आहे हे आता स्कोपला कळावे लागे. त्यासाठी बीएनसीभोवती एक धातूची कडी आणि प्रोबवर तिला टेकणारी एक पिन आली. पिनेमागे ११ हजार ओहमचा रोध दिसला की स्कोप आकडे दहापट करून दाखवी. ही पिन नसलेला जुना प्रोब अशा स्कोपला लावला तर ३०० व्होल्ट ३० म्हणून दिसतात, आणि ३० व्होल्ट समजून उघड्या तारेला हात लावणारा माणूस जिवाला मुकू शकतो. म्हणून हौशी दुरुस्तीकार जुन्या प्रोबच्या जोडणीवर एक स्प्रिंगची पिन बसवतात, तिच्यापासून बाहेरच्या कवचापर्यंत ११ हजार ओहमचा रोध डाखतात, आणि प्रोबला स्वतःची ओळख सांगायला शिकवतात. ज्या स्कोपांत कडी नसते तिथे हा आकडा मेनूत हाताने निवडावा लागतो, आणि तो विसरला जातो.

सक्रिय प्रोबांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. त्यांना स्कोपकडूनच वीज हवी असते. ७००० च्या काळातल्या प्रोबांना १५ व्होल्टची धन व ऋण आणि ५ व्होल्टची धन वीज एका छोट्या गोल जोडणीतून मिळे. १९८० च्या दशकात टेकप्रोब आले, पुढे टेकव्हीपीआय. दर वेळी जोडणी बदलली. टेकप्रोब ते टेकव्हीपीआय हा पूल कंपनीनेच टीपीए-बीएनसी या अडॅप्टरने बांधून दिला. त्याआधीच्या प्रोबांसाठी लोक स्वतंत्र वीजपुरवठा तयार करतात. प्रोबच्या शेवटी ५० ओहमचा रोध लागतो, आणि स्वस्त नव्या स्कोपांत तो नसल्यास तोही बाहेरून लावावा लागतो.

महानुभावांच्या सांकेतिक लिपीतल्या पोथ्या विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी वाचल्या तेव्हा पोथीचे एक अक्षरही बदलले नव्हते. बदलली ती वाचणाऱ्याची तयारी. स्कोपच्या बाजूला धारित्र जोडणारा दुरुस्तीकार याच परंपरेतला वाटतो. प्रोबवरच पिन डाखणारा मात्र पोथीच्या समासात लिहितो. संग्राहक अशा प्रोबवर नाके मुरडतात, आणि त्यांचे अगदीच चुकते असे नाही, कारण पन्नास वर्षांनी तो हातात घेणाऱ्याला मूळ पाठ कोणता आणि प्रक्षेप कोणता हे कळणार कसे? माझा कौल तरीही डाखणाऱ्याच्या बाजूने आहे, मात्र एका अटीवर: तारेला एक चिठ्ठी बांधावी, तीवर काय जोडले, केव्हा जोडले हे लिहावे, आणि काढलेला मूळ भाग त्याच डबीत ठेवावा.