दिवटीशेजारची बुधली

घरच्या घरी मशाल करायला लागते तरी काय? हातभर लांब ओली काठी, जुन्या धोतराच्या नाहीतर लुगड्याच्या चिंध्या, त्या आवळून बांधायला तार आणि तेल. चिंध्या आणि काठी गरिबाच्याही घरात सापडत. तेल मात्र सहजी सापडत नसे. म्हणून मशालीचा इतिहास तेलाच्या बाजूने वाचावा, असे मला वाटते. तसा तो वाचला की रॉकेल येण्याआधी पेटती मशाल हे ऐपतीचे आणि मानाचे लक्षण का होते, ते कळते.

याचा सर्वांत बोलका पुरावा खंडोबाच्या भक्तांच्या देवघरात आहे. तिथे दिवटीबरोबर बुधली असतेच. दिवटी जळायची आणि बुधली तिला तेल पाजायची. करंज, तीळ, जवस, कोकणातली उंडी यांची तेले दाट. ती लवकर पेट घेत नाहीत आणि चिंधीतून संथपणे वर चढतात. एकदा भिजवून पेटवलेला बोळा थोड्याच वेळात स्वतःच जळू लागतो, म्हणून त्यावर सतत धार धरावी लागे. पालखीपुढे एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात तेलाचे भांडे घेऊन धावणारा मशालजी युरोपीय प्रवाशांनी नोंदवला आहे, तो याच कारणाने. काठी धरणे कुणालाही जमेल. ज्योत मोठी राखून तेल वाया जाऊ न देणे हे कसब होते. अनेक गावांत वरातीपुढे मशाल धरण्याचे काम न्हाव्याकडे असे आणि त्याचा मोबदला ठरलेला असे.

कुणी म्हणेल, करंज आणि उंडी तर खायची तेले नव्हेत, मग त्यांची एवढी चणचण कसली? पण बिया वेचायच्या, वाळवायच्या, फोडायच्या, घाण्यावर न्यायच्या, यात घरातल्या बायकामुलांचे दिवस जात. शिवाय पणतीची वात तेल चाटते, मशाल ते घटाघटा पिते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. कोकण-गोव्यात नारळाच्या सुक्या झावळीची चूड पेटवून माणसे रात्री वाट चालत, आणि तिला तेलाचा थेंब लागत नसे. हे खरेच आहे, आणि गरिबाचा रात्रीचा प्रवास या चुडीनेच निभावला. पण चूड भराभर जळते, वाऱ्यावर हलवत धगधगती ठेवावी लागते. या घरून त्या घरी जायला ती पुरे. रात्रभराच्या जागरणाला किंवा वरातीला ती पुरत नाही. हाती धरून रात्रभर टिकणारा मोठा उजेड तेलावाचून नव्हता.

१६६३ मध्ये शायिस्तेखानावर छापा घालून परतताना शिवाजी महाराजांच्या लोकांनी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना चकवले, अशी कथा सांगितली जाते. ती जशीच्या तशी घडली का, हा प्रश्न वेगळा. एवढे पलिते म्हणजे मागे फौजच असणार, हे ऐकणाऱ्याला पटत होते, म्हणून ती टिकली. इतके तेल जाळणे उगाच कुणाला परवडत नाही, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आधी अमेरिकेचे, मग रशियाचे आणि ब्रह्मदेशाचे रॉकेल डब्यांतून गावोगाव पोचले. ते पातळ, चिंधीत झरझर चढते, चटकन पेटते. आता बुधलीवाला लागेना. पण त्याच रॉकेलने चिमणी आणि कंदील दिले, त्यामुळे मशाल करणे सोपे झाले तेव्हाच तिची रोजची गरज सरली. वरातीत पुढे गॅसबत्त्या आल्या, त्याही मोलाने आणलेल्या माणसांच्या डोक्यावर. देवीच्या गोंधळात मात्र दिवटी राहिली. तेलाची टंचाई हेच मशालीच्या मानाचे कारण होते, तर टंचाई सरल्यावर ही दिवटी का गेली नाही? कारण तिथे उजेडाइतकेच तेलालाही मोल आहे. गोंधळ घालून घेणारे घर देवीपुढच्या पोताला, म्हणजे पेटत्या दिवटीला, तेल घालते, आणि ते घालणे हीच त्या घराची सेवा असते.