५९०००१

बेळगावच्या कॅम्प भागातील पत्त्यांवर लिहिला जाणारा टपाल क्रमांक. एक विषम नैसर्गिक संख्या. संस्कृतज्ञ श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी संचार खात्यात असताना आखलेली सहा अंकी पिन पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली, तेव्हा पहिला अंक मुलखावरून ठरत असल्यामुळे आजच्या कर्नाटकाच्या वाट्याला ५ व महाराष्ट्र-गोव्याच्या वाट्याला ४ हा अंक आला. म्हणून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्याच्या दप्तरी दाखल झाले नसते, तर या छावणीचा क्रमांक निराळा झाला असता आणि पुढील गुणधर्मही त्याला लाभले नसते.

३, १९३ आणि १०१९ हे या संख्येचे मूळ अवयव होत. तिन्ही भिन्न असून प्रत्येक एकदाच येत असल्यामुळे ती वर्गमुक्त ठरते. तिच्या आठ विभाजकांपैकी ती स्वतः वगळता उरलेल्या सातांची बेरीज २०१५१९ इतकीच भरत असल्याने प्राचीन ग्रीक वर्गीकरणानुसार ती न्यून संख्यांत मोडते. निपाणीच्या ५९१२३७ मध्ये मात्र ३ हा अवयव दोनदा येतो, तस्मात तो क्रमांक वर्गमुक्त नाही.

तथापि अशा संख्यांचा रसपूर्ण परिचय होतो तो द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या अंकविचारातून. देवळालीच्या, म्हणजे दुसऱ्या एका छावणीच्या गावी, १९३० ते १९६२ शाळेत अध्यापन करीत असता, विद्यापीठीय पदाचा कसलाही आधार नसताना, या गणितोपासकाने केवळ अंकांच्या निरीक्षणातून जे संख्यावर्ग निर्माण केले, त्यांची योग्यता आपल्याकडे फार उशिरा ओळखली गेली, हे खेदाने नमूद केले पाहिजे. ५९०००१ ला तिच्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे १५ ने, निःशेष भाग जात नाही, म्हणून ती हर्षद नव्हे. आणि ५८९९६२ मध्ये त्याच संख्येच्या अंकांची बेरीज ३९ मिळवली असता ५९०००१ उत्पन्न होते, म्हणून ती स्वयंभूही नव्हे.

संख्येचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाची मांडणी वजा करावी व उत्तरावर तीच क्रिया पुनःपुन्हा करीत जावे, ही कापरेकरांची रीत. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या हिच्या योगे फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ वर येऊन स्थिरावते. सहा अंकी संख्यांना असा एकच मुक्काम नाही: ५४९९४५ व ६३१७६४ या दोन अचल संख्यांखेरीज तेथे सात संख्यांचे एक चक्र आहे आणि बहुसंख्य संख्या त्यातच जाऊन पडतात. कॅम्पच्या क्रमांकापासून ९५१००० उणे ०००१५९, म्हणजे ९५०८४१, असा आरंभ केल्यास अनुक्रमे ९७०८२१, ९७४४२१, ८४९९४२, ७५३५४३ व सहाव्या वजाबाकीत ४२०८७६ येते. तेथून ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ असे फिरून पुन्हा ४२०८७६. निपाणीचा क्रमांक पहिल्याच वजाबाकीत ८५१७४२ वर पोहोचून या चक्रात शिरतो. सरहद्दीपलीकडील कोल्हापूरच्या शाहूपुरीचा ४१६००१ आठव्या वजाबाकीत.