नॉक अप!

इंग्रजीत सर्वांत जास्त छळतात ती 'फ्रेजल व्हर्ब्ज'. नॉक म्हणजे ठोठावणे, अप म्हणजे वर. पण दोघं एकत्र आले की अर्थ भलतीकडेच. अर्थात आपणही कमी नाही. 'वेळ मारून नेणे' यात ना कोणी मरतं, ना कोणी काही नेतं!

इथे ब्रिटनमध्ये 'नॉक अप' म्हणजे दार ठोठावून उठवणे. झटपट स्वयंपाक उरकणं किंवा टेनिसच्या सामन्याआधी हात मोकळे करणं, हेही नॉक अपच. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये (१८६१) नॉक्ड अप झालेला माणूस म्हणजे दमून गेलेला. अमेरिकन बोलीत मात्र 'नॉक्ड अप' म्हणजे गरोदर. २००७ साली त्याच नावाचा सिनेमाही आला. त्यामुळे "सकाळी सहाला मला नॉक अप करा" असं इंग्रज बाईने अमेरिकन पाहुण्याला सांगितलं, तर बिचारा गडबडणारच!

पण मंडळी, या उठवण्यामागे एक अख्खा धंदा होता. औद्योगिक क्रांतीनंतर लँकेशायरच्या कापड गिरण्या, लंडनच्या गोद्या, खाणी यांचं काम घड्याळावर चालू लागलं. उशीर झाला की दंड किंवा खाडा. घड्याळ मात्र कामगाराला परवडणारं नव्हतं. मग आठवड्याला काही पेनी घेऊन उठवणारे 'नॉकर-अप' आले. लांब काठीने ते वरच्या मजल्याची खिडकी वाजवत. पूर्व लंडनमधली मेरी स्मिथ तर नळीतून वाळलेले वाटाणे फुंकून काचेवर मारायची! १९३०च्या सुमाराचा तिचा फोटो आजही पाहायला मिळतो. डरहॅमकडच्या खाणकामगारांच्या घरांना बाहेर पाटी असे. तिच्यावर खडूने पाळीची वेळ लिहून ठेवायची.

आपल्या गिरणगावात हेच काम भोंग्याने केलं. १८५६ मध्ये दावरांची ताडदेवची गिरणी सुरू झाली आणि पुढे अख्खी वस्ती भोंग्यावर उठू-झोपू लागली. तिथेही उशीर महागच. दारात बदली कामगार उभाच असे.

स्वस्त गजराची घड्याळं आली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर नॉकर-अप हळूहळू दिसेनासे झाले. १९८२च्या संपानंतर मुंबईचे भोंगेही एकेक करून थांबले. धंदा गेला, शब्द तेवढा उरला. शब्दकोशात त्याचा अर्थ 'उठवणे' एवढाच दिलेला असतो. त्या उठण्यावर घरची चूल अवलंबून होती, हे काही तिथे लिहिलेलं नसतं.